सहा खाडे

आमच्या लोकांनी प्रवास पुष्कळ केला. सहल केली नाही.

पणजा हिंडला तो गावकीच्या निरोपामागं, अनवाणी, या गावाहून त्या गावाला. बाप हिंडला वीटभट्टीमागं, चर खोदणाऱ्या टोळीमागं. माय हिंडली परक्याच्या पऱ्हाटीत कापूस वेचत, नाहीतर दवाखान्याला, नाहीतर मयतीला. वर्षाकाठी दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला दादर. ते जाणं वेगळं. ते रक्तातलं जाणं. पण नुसतं पाहायला, नुसतं हिंडायला, दोस्तांच्या खांद्यावर हात टाकून? त्याला लागतो वेळ आणि लागतो पैसा. आणि त्याहून जास्त लागतं ते आपल्याला हिंडायचा हक्क आहे असं वाटणं. ते आमच्या घरात कोणी शिकवलं नव्हतं.

मी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत सूतगिरणीत आहे. रिंगफ्रेमवर. धागा तुटला की जोडायचा, बॉबिन भरलं की काढायचं. नाकात कापूस, कानात मशीन. ठेकेदाराचा माणूस. खाडा केला की रोज गेला. रोज साडेचारशे. सहा खाडे मागितले तेव्हा मुनशीनं रजिस्टरातून मान वर केली.

“काऊन बे, कोनी मेलं काय?”

“नाई. समुद्र पाहाले चाल्लो.”

तो हसला. त्याला ते खोटं वाटलं. मयत सांगितली असती तर पटकन पटली असती.

आम्ही चौघं. एक अकोल्याच्या डाळमिलमध्ये पोती उचलतो. एक अमरावतीत ऑटो चालवतो. एक एमपीएससीची तयारी करतो, त्याला आम्ही साहेब म्हणतो, तो चिडतो. आणि मी. दोन स्प्लेंडर. एकीला निळा झेंडा. २३ डिसेंबरच्या पहाटे निघालो तेव्हा हाडात थंडी होती. हातमोजे एकालाच. बाकीच्यांनी हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. लोणी सुटलं, मूर्तिजापूर आलं. हाच तो रस्ता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. ऑटोवाला म्हणाला, “राजेहो, रस्ता पाच दिवसांत होते. आमच्या वस्तीतली नाली पाच वर्षांत होत नाई.” कोणी हसलं नाही. थंडीनं दात वाजत होते.

अकोला, बाळापूर, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना. दोन्ही बाजूंनी तूर वाळून खळखळ वाजत होती. बायाबापड्या ओटीत कापूस भरत होत्या. दर बाईत मला माय दिसत होती, आणि मी गाडीवरून तिला मागं टाकत चाललो होतो. त्याची लाज वाटत नव्हती, पण बरंही वाटत नव्हतं.

पहिल्या रात्री एका गावात लॉजवर गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्यानं आधी म्हटलं, खोली आहे. मग आधारकार्डं घेतली. एकेक आडनाव वाचलं. मग बाहेर गाडीच्या झेंड्याकडं पाहिलं. मग म्हणाला, खोली आताच बुक झाली. पाच मिनिटांत. फोन वाजला नव्हता, कोणी आलं नव्हतं. साहेब रोज सांगायचा की शहरात आता कोणी जात विचारत नाही. बरोबर आहे. त्यानं कुठं विचारली? त्यानं वाचली.

गावच्या बुद्धविहारात झोपलो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं चार गोधड्या आणून दिल्या. कुठले, कोणाचे काहीच विचारलं नाही. “जेवले का रे लेकरांनो?” एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पुणं ओलांडून ताम्हिणी घाट उतरलो. घाटाखाली थंडी मऊ झाली. पिशव्या काढून फेकल्या. माणगावच्या पुढं लोणेरे, तिथं बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ. त्यापुढं दासगाव. हे गाव माझ्या डोक्यात कधीचं होतं.

१९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब महाडला आले ते रस्त्यानं नाही, पाण्यानं. मोटारवाले बहिष्कार टाकतील, वाटेत अडकवतील, हे ठाऊक होतं. म्हणून मुंबईहून पद्मावती बोट धरली आणि दासगाव बंदराला उतरले. तिथून महाड पाच मैल. कोणी बसू दिलं नाही तरी पायी जाता येईल एवढं अंतर. दोस्तहो, हा विचार करून पाहा. बॅरिस्टर माणूस. डॉक्टरेट घेतलेला. आणि प्रवासाचा बेत करताना पहिला हिशेब काय, तर लोक गाडीत बसू देणार नाहीत, मग चालायचं किती. आमच्या लॉजचा हिशेब आणि तो हिशेब एकाच वहीतला.

रात्र तिथंच एका ओळखीच्या ओळखीकडं काढली. २५ च्या सकाळी गाड्या चहाच्या टपरीवर ठेवल्या आणि चालत निघालो. डाळमिलवाला कुरकुरला. “दोन दोन गाड्या असून पायी? यडे झाले काय बे?” पण निघाला. हायवेवर ट्रक अंगावरून जात होते. डाव्या-उजव्या हातानं निळे झेंडे लावलेल्या गाड्या, जयभीमच्या आरोळ्या. वाटेत गांधारपालेची लेणी. डोंगरात कोरलेले विहार. हजार-दीड हजार वर्षांहून जुने. भिक्खू इथं राहत होते, खालच्या खाडीतून होड्या येत-जात होत्या. ज्या रस्त्यानं आमचे लोक पाण्यासाठी चालत गेले त्याच रस्त्यावर बुद्ध आधीच येऊन बसला होता. हे मला कोणत्या पुस्तकानं नाही, पायांनी सांगितलं.

महाडचं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. बोल्यांचा ठराव १९२३ चा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं कागद कोरडाच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि कागद ओला झाला. मग लाठ्या पडल्या. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केलं. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला. परिषदेला महाडात कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं दिली. २५ च्या रात्री मनुस्मृती जळाली. पाण्याला मात्र त्या खेपेला हात लावला नाही, तळ्याभोवती मिरवणूक निघाली. हायकोर्टाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

आणि आमची अमरावती? त्याच १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीला होते. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या परिषदेचे अध्यक्ष. तिथंच त्यांना थोरला भाऊ बाळाराम गेल्याची बातमी कळली. त्यानंतर सहा आठवड्यांत महाड. मी अंबादेवीच्या रस्त्यानं शंभरदा गेलोय. हे दोन रस्ते एकच आहेत हे कळायला शेकडो किलोमीटर गाडी हाणावी लागली.

तळ्याच्या पायरीवर गर्दी होती. बाया जास्त. मी ओंजळ घेतली. मनात आलं ते भाषणातलं काही नव्हतं. आजी आठवली.

आमचं मूळ गाव पूर्णेच्या काठी, खारपाण पट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा आहे. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी लागतं ते खारट. डाळ शिजत नाही. पोटऱ्यांत गोळे येतात, मूत्रपिंडं जातात. आजी सांगायची, गावात गोड पाण्याची एकच विहीर होती, ती वरच्या आळीत. आपल्याला खारं. त्या खाऱ्या विहिरीवर मात्र कोणी विटाळ मानला नाही, कारण तिच्यावर कोणी दुसरं येतच नव्हतं. आजी गेली तोवर तिनं साध्या पाण्याची चव लग्नाआधीच घेतली होती, माहेरी. आता आमच्याकडं वान धरणाचं पाणी ८४ खेडी योजनेतून येतं. येतं तेव्हा येतं.

दुसऱ्या दिवशी मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. बाबासाहेबांच्या वाडवडलांचं गाव. या गावावरूनच आंबडवेकर. लाल माती, काजूची झाडं, शांत. मग उतरत उतरत हर्णै. आणि एका वळणावर तो. समुद्र.

चौघंही गप्प. ऑटोवाल्यानं गाडी बंद केली. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर होड्या, संध्याकाळच्या लिलावाला मासळीचे ढीग, कोळणींचा कल्लोळ. इतकं पाणी, आणि कोणाच्या मालकीचं नाही. डाळमिलवाला बुटांसकट आत शिरला. ओंजळ भरून तोंडात घातली आणि थुंकली.

“अबे, हे तं आपल्या गावच्या हिरीचंच पानी हाय!”

आम्ही हसलो. इतके हसलो की पोट दुखलं, साहेबाच्या डोळ्यात पाणी आलं. मग तो हसायचा थांबला आणि पाणी थांबलं नाही. लॉजपासून तो बोलला नव्हता. कोणी काही विचारलं नाही. वाळूत बसून भाजलेले बांगडे खाल्ले. अंधार पडला. त्या रात्री कोणी भाषण केलं नाही, कोणी बाबासाहेबांचं नाव घेतलं नाही. चार पोरं समुद्राकाठी बसून गाणी म्हणत होती, बस. मला वाटतं, महाडच्या पाण्यात हेही होतं. नुसती तहान भागवायची असती तर पाणी दुसरीकडंही होतं. माणसासारखं कुठंही जाऊन बसता यावं, कारण न सांगता.

सत्तावीसशे रुपये कापले गेले. पेट्रोल वेगळं. घरी हिशेब सांगितला तेव्हा बाप बोलला नाही. मायनं विचारलं, “लय मोठा असते काय तो?”

“लय.”

“तिथं काय काम असते?”

“काईच नाई. बसाचं.”

तिनं पदरानं हात पुसले. चुलीत काडी सारली. बराच वेळानं म्हणाली, “एवढा कापूस येचून झाला का मले नेजो मंग. मयतीबियतीच्या आंधी.”

वेचणी संपली की निघायचं ठरलंय. या खेपेला कारण विचारलं, तर मायच सांगणार आहे.