नियम आणि दाक्षिण्य

आपण बोलतांना तोलून बोलावें, आणि दुसऱ्याचें बोलणें उदार मनानें ऐकावें, ही शिकवण आम्हां सर्वांस घरींच मिळालेली असते. संगणकांच्या परस्परसंभाषणाचे नियम लिहितांना जॉन पोस्टेल यांनीं १९८० सालीं जवळजवळ हाच उपदेश केला, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

आंतरजालाचीं पानें दाखविणारा ब्राउझर हा या उपदेशाचा एकनिष्ठ अनुयायी होय. लेखकानें एखादी खूण उघडून मिटली नाहीं, तरी तो तक्रार न करतां अर्थ लावून पान पुढें ठेवतो. या औदार्यामुळेंच असंख्य हौशी माणसें लिहितीं झालीं; पण गबाळेपणाही त्यामुळेंच बोकाळला. प्रत्येक ब्राउझर आपापल्या तर्कानें चूक सांवरूं लागला, आणि एकच पान दोन ठिकाणीं दोन तऱ्हांनीं दिसूं लागलें.

यावर शिस्तप्रिय पंडितांनीं कडक औषध काढलें. २००० सालीं एक्सएचटीएमएल ही भाषा मान्य झाली. तिच्या एक्सएमएल कुळाचा दंडकच असा कीं, एक खूण चुकली कीं वाचन तेथेंच थांबवावें. न्याय चोख खरा. पण चूक लेखकाची आणि उपाशी राहावयाचें वाचकानें! शिवाय ज्यांचे लेखक दुरुस्तीला येणें शक्यच नाहीं, अशा जुन्या पानांनीं काय करावें? अखेर २०१४ सालीं मान्य झालेल्या एचटीएमएल ५ नें शहाणपणाचा मार्ग काढला: चूक कोणती तें सांगून, ती सर्वांनीं कशी सांवरावी हेंही नियमांतच लिहून टाकलें. दाक्षिण्याला शिस्त लागली.

हा प्रश्न परक्यांचा आहे असें कोणीं समजूं नये. वर आम्हीं लिहिलेला 'दुसऱ्या' हाच शब्द घ्या. त्यांतील तो आडवा रकार युनिकोडमध्यें दोन रीतींनीं लिहितां येतो: एक नुक्ता असलेल्या 'ऱ' चा पाय मोडून, आणि दुसरी साध्या 'र' चा पाय मोडून पुढें अदृश्य सांधा देऊन. दुसरी रीत जुन्या आवृत्तीशीं मेळ राहावा म्हणून ठेविली आहे. डोळ्यांना दोन्ही एकच; पण शोध घेणाऱ्या यंत्राला मुद्दाम शिकविलें नसेल, तर ते दोन निराळे शब्द. जुनी रीत नाकारावी, तर जुन्या लेखनांतील रकार डोक्यावर चढून रफार होणार!

मात्र दाक्षिण्यालाही मर्यादा हवी. गुप्त व्यवहार राखणाऱ्या टीएलएसच्या पहिल्या दोन आवृत्त्या दुबळ्या ठरल्यावर प्रमुख ब्राउझरांनीं २०२० सालीं त्यांस निरोप दिला, तें योग्यच झालें. तेथें जुन्याची भीड धरली असती, तर ठकविला जाता तो वाचकच.

तेव्हां आम्हांस कसोटी एवढीच दिसते: वाचकाचें हित कशांत आहे? जुनें वाचण्यांत असेल तेथें क्षमा करावी, त्याच्या विश्वासाला धोका असेल तेथें दार लावावें, आणि स्वतः नवें लिहितांना मात्र नियम मोडूं नये.