गारव्याची किंमत

जयपूरला जाणारी मराठी मंडळी हवामहल, आमेरचा किल्ला आणि जोहरी बाजार पाहून परततात. शहराच्या पश्चिमेकडील वैशालीनगरात सहसा कुणी फिरकत नाही. पण आजचे जयपूर कसे जगते हे पाहायचे, तर तिथल्या आम्रपाली सर्कलपाशी घटकाभर थांबावे. चकचकीत दुकाने, हॉटेले, फ्लॅट आणि भिंतीभिंतीवर एअर कंडिशनर! उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा ही चैन राहत नाही, गरज बनते.

पण हा गारवा येतो कुठून? राजस्थानच्या वीजकेंद्रांना लागणारा बराचसा कोळसा छत्तीसगडमधील हसदेवच्या जंगलातून येतो. तिथल्या खाणीत २०१३ पासून कोळसा निघू लागला. खाण पुढे सरकते तसे सालवृक्ष पडतात आणि जंगलावर जगणारे आदिवासी विरोधाला उभे राहतात.

पाण्याचेही तसेच. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयन जयपूरजवळच्या रामगढ तलावात झाले होते. हाच तलाव शहराची तहान भागवी. पुढे पाणी येण्याच्या वाटांवर अतिक्रमणे झाली, बंधारे उठले आणि तलाव कोरडा पडला. २००९ पासून जयपूरला पाणी येते ते सुमारे १२० किलोमीटरवरील बिसलपूर धरणातून. ते शहरापर्यंत आणायला पुन्हा वीजच लागते!

वापरलेल्या पाण्याची वाट पाहायची, तर द्रव्यवती नदी पाहावी. सांडपाण्यामुळे लोक तिला कित्येक वर्षे अमानीशाह नाला म्हणत. सांगानेरच्या छपाईचे रंगीत पाणीही तिच्यातच मिसळे. त्या सुंदर चादरी आपल्याही घरात आहेत, हे विसरून चालणार नाही. २०१६ मध्ये सुमारे ४७ किलोमीटर लांबीच्या या नदीच्या सुधारणेचे काम सुरू झाले.

उद्योग नकोत, असे कोण म्हणेल? त्यांवरच हजारो चुली पेटतात. पण १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी वसवलेल्या जुन्या शहरात जाड भिंती, चौक आणि जाळीदार झरोके उन्हाला बाहेरच अडवत. जंतरमंतरात त्यांनी सूर्याच्या सावलीवरून वेळ मोजली. आज त्याच सूर्यापासून राजस्थानातील भडला येथे दोन हजार मेगावॅटहून अधिक विजेची सोय झाली आहे. नव्या वसाहतींनी गच्चीवर सूर्य आणि भिंतीत सावली यांना जागा दिली, तर इथल्या गारव्यासाठी दूरचे एखादे झाड तरी वाचेल.