सिस्टरांची ट्रॉली

आजाऱ्यांना भेटावयास रुग्णालयात जाणे हा आमच्या नित्य सेवेचा भाग. इतक्या वर्षांत खाटेवरच्या माणसाकडे पाहण्याची सवय जडली. त्या खाटेपाशी औषधे घेऊन येणाऱ्या ट्रॉलीकडे मात्र आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

एके दुपारी ते गेले. वॉर्डाच्या दारातील लादीच्या उंचवट्याला ट्रॉलीची पुढची चाके अडली आणि सलाईनच्या बाटल्यांसह ती पुढे कलंडू लागली. सिस्टरांनी ती अंगावर ओढून सावरली. पण मनगट मुरगळलेच. "जरा जपून, सिस्टर," आम्ही बोलून गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, जपून तर रोजच ढकलते. एकदा तुम्ही ढकलून पाहा."

आम्ही ढकलली आणि ओशाळलो. चाके जेमतेम दोन इंचांची. एकात दोरे व केस गुंतून ते फिरेनासे झालेले. ब्रेक नाही. जड बाटल्या वर, कापूस खाली!

तोल हा नशिबाचा खेळ नव्हे, तो हिशेब आहे. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा चाकांच्या चौकोनाबाहेर पडला की वस्तू उलटते. चाकांमधील अंतर ४० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य ८० सेंटीमीटर उंचीवर असेल, तर उभी ट्रॉली सुमारे १४ अंश कलताच उलटेल. गुरुत्वमध्य ५० सेंटीमीटरवर आणला, तर ती सुमारे २२ अंशांपर्यंत टिकेल. चालती ट्रॉली अडली, तर वेगाचा धक्का त्यात भर घालतो. म्हणून जड ते खाली, बैठक रुंद आणि चाके मोठी. मोठे चाक उंचवटा सहज चढते.

आमच्या धर्मग्रामातील एका फॅब्रिकेशनवाल्या गृहस्थांना आम्ही तेथे नेले. माप घेण्याआधी परिचारिकांचे ऐकावे, एवढीच आमची विनंती होती. त्यांचे मागणे थोडकेच होते: पाच इंची चाके, त्यांतील दोहोंना पायाने लागणारे ब्रेक, कोपराच्या उंचीची दांडी, वरच्या ताटाला कठडा आणि एका वेळी एकच उघडेल असे खण, कारण सारे भरलेले खण एकदम बाहेर आले, तर उभी ट्रॉलीही पुढे झुकते.

नव्या ट्रॉलीचा खर्च फार नव्हता. इतकी वर्षे उणीव पैशाची नव्हती, विचारण्याची होती. हल्ली कोणास 'जपून' म्हणण्याआधी आम्ही चाकांकडे पाहतो.