कमी भिडूंचा डाव

आपल्याकडे पत्ते खेळताना भिडू कमी झाले की खेळच बदलतो. चौघे असले तर मेंढीकोट, एक जण उठला तर पाच-तीन-दोन, दोघेच उरले तर सात-आठ. प्रत्येक संख्येला तिचा खेळ नेमून दिलेला असल्यामुळे कोणी उठून गेल्याची खूण डावात राहत नाही. अमेरिकेत वाढलेल्या पोकरची रीत निराळी. नऊ जण असोत वा तिघे, खेळ तोच आणि नियमही तेच. बदलते ते पानांचे मूल्य.

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने उपडी मिळतात आणि मध्ये पाच पाने टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी उघडली जातात. या सातांतून ज्याची पाच पाने सरस ठरतील, तो जिंकतो. किंवा बाकीच्यांनी पाने टाकून दिली तर उरलेला जिंकतो. पाने पाहण्यापूर्वीच दोन भिडूंनी पाळीपाळीने सक्तीची बोली लावायची असते; तिला ब्लाइंड म्हणतात. आम्ही सहा प्राध्यापक दर शनिवारी हा खेळ चिंचोक्यांवर खेळत असू. (पैशांवर खेळत असतो तर अभ्यासपुस्तिकेत त्याविषयी लिहिण्याचे धाडस मी केले नसते.) पुढे दोघे निवृत्त होऊन परगावी गेले आणि इतिहासाचे सर वारले. त्यांच्या जागी कोणाला बोलवावे, हा विषय एकदाच निघाला आणि तिथेच थांबला. उरलो तिघे : गणिताचे सर, संस्कृतच्या बाई आणि मी.

गणिताच्या सरांनी पहिल्याच शनिवारी हिशेब मांडला. आमचे ब्लाइंड एक आणि दोन चिंचोक्यांचे. सहा जणांत प्रत्येकाला सहा डावांमागे तीन चिंचोके पडत, म्हणजे डावाला अर्धा. तिघांत डावाला एक पडतो. नुसते बसून राहण्याची किंमत दुप्पट झाली. हातात जोडी येण्याची वाट पाहावी, तर ती सरासरी सतरा डावांत एकदा येते. मात्र समोरच्यांची स्थितीही तशीच असते. आपल्याकडे एक्का नसेल तर सहांच्या डावात इतर पाचांपैकी कोणाकडे तरी तो असण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. तिघांच्या डावात ती २९ टक्क्यांवर येते. त्यामुळे सहांत मुकाट्याने टाकावीत अशी राजा आणि नव्वी ही पाने तिघांत खेळण्याजोगी होतात.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे सोस्यूर आठवल्यावाचून राहत नाही. चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगी नसते, व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ते ठरते, हे सांगताना त्याने संस्कृतचा दाखला दिला आहे. संस्कृतात द्विवचन असल्यामुळे तेथील बहुवचनाचे मूल्य द्विवचन नसलेल्या भाषेतील बहुवचनाहून वेगळे होते. भाषेची तुलना त्याने बुद्धिबळाशी केली. मला मात्र पोकर अधिक जवळचे वाटते. बुद्धिबळात सारे उघड्यावर असते, येथे समोरच्याच्या बोलण्यावरून त्याचा हात ओळखावा लागतो. सहा जणांत सर्वांआधी बोलणाऱ्याने बोली वाढवली तर तिचा अर्थ ‘माझा हात भक्कम आहे’ असा होतो, कारण मागे पाच जण बोलायचे असतात. तिघांत तीच बोली फारसे काही सांगत नाही. उच्चार तोच, अर्थ पातळ.

अर्थ असा पातळ झाला की हूल देण्याला वाव मिळतो. फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात दोघांच्या पोकरचे एक सोपे प्रारूप आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मला अजून चकित करतो : हूल मध्यम पानांवर देऊ नये, अगदी टाकाऊ पानांवर द्यावी. मध्यम पाने उघड झाल्यावर स्वतःच्या बळावर कधीतरी जिंकतात. टाकाऊ पानांना बोलण्याखेरीज दुसरा आधार नसतो. आणि कधीच हूल न देणाऱ्याच्या खऱ्या बोलीलाही कोणी चिंचोके देत नाही.

संस्कृतच्या बाईंमध्ये हा फरक सर्वांत जास्त दिसला. सहा जणांत त्या संध्याकाळभर दोन-तीन डाव खेळत, बाकी वेळ पाने टाकून इतिहासाच्या सरांशी वाद घालत. त्यांच्या पश्चात काही शनिवार त्या पाने टाकत राहिल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. त्यांच्यापुढचे चिंचोके संपत गेले. मग एकदा त्यांनी सत्ती आणि दुर्रीवर बोली वाढवली, आम्हां दोघांना पाने टाकायला लावली आणि स्वतःची पाने उघडून दाखवली. पोकरच्या शहाणपणात हे बसत नाही. दिलेली हूल दाखवायची नसते. पण त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी त्या हसल्या आणि इतिहासाच्या सरांच्या वादांविषयी आपणहून बोलू लागल्या.

दोघांच्या पोकरला मात्र एक नियम निराळा आहे. पाने वाटणाऱ्यानेच लहान ब्लाइंड लावायचा, मधली पाने उघडण्यापूर्वी आधी बोलायचे आणि ती उघडल्यावर शेवटी. गणिताच्या सरांनी तो आम्हांला समजावून सांगितला. बाईंनी तो वहीत उतरवून घेतला आणि पुढची पाने पिसायला घेतली.