लाल पेन खाली ठेवल्यावर

आठवीतल्या आमच्या मुलीला शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी अद्भुत साहसकथा लिहायची होती. बाईंनी सांगितले होते, “आधी पाच ओळींत कथासूत्र लिहा आणि घरी वाचून दाखवून मोठ्यांचे मत घ्या.” मगरीबनंतर तिने वही आमच्यापुढे ठेवली.

कथा आमच्या नावड्याचीच होती. ऑगस्ट २०१७ मध्ये शेजारच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे दिसले होते. एका कारखान्याचे रंगीत सांडपाणी कासाडी नदीत जात होते. त्या पाण्यात उतरलेले कुत्रे निळे होऊन बाहेर येत. बातमी गाजली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. मुलगी तेव्हा फार लहान होती, पण घरात ऐकलेली ती गोष्ट तिच्या मनात राहून गेली. तिच्या कथेत असाच एक निळा कुत्रा एका मुलीला नदीच्या उगमाकडे, सात राज्यांच्या तिलिस्मात घेऊन जातो. मुलीच्या बोटात जादूची अंगठी असते.

आम्ही दोघांनी काय केले? एकाने लाल पेन काढून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका गोल केल्या. दुसऱ्याने म्हटले, “जादू, जिन्नात कशाला? काही बोधपर लिही.” तिने वही मिटली. तीन दिवस ती दप्तराबाहेर आली नाही. दिवसभर शाळेत वह्या तपासणाऱ्या हातांनी घरातही तपासणीच केली होती, याची आम्हांला शरम वाटली.

चौथ्या दिवशी दादीने तिला हाक मारली, “बेटा, मेरी आँखें तो गईं, तू ही पढ़ के सुना.” पहिल्या ओळीनंतर दादी म्हणाली, “फिर?” दुसरीनंतरही, “फिर?” तिसरी ओळ सात राज्यांच्या सात नावांची होती. ती संपली तरी दादी गप्पच. मुलगी थांबली. कथा कुठे अडते, ते तिला कुणी सांगावे लागले नाही. मग दादीने एवढेच विचारले, “वो लड़की जाती क्यूँ है?”

मुलगी विचारात पडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तो कुत्रा तिच्याच दारात भाकरी खायचा. निळा झाल्यावर त्याला सगळे दगड मारतात. तिला त्याचा रंग परत आणायचा आहे.” हीच तर कथा होती, आणि पाच ओळींत ती कुठेच नव्हती!

आपल्या दास्तानगोंना असेच मत मिळत असे. ऐकणारे समोर बसलेले, ‘फिर?’ थांबले की सांगणाऱ्याला वळण बदलावे लागे. लखनऊच्या नवल किशोर प्रेसने छापलेली अमीर हमजाची दास्तान ४६ खंडांत गेली, ती अशा ऐकणाऱ्यांच्या जिवावर. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले आणि ही कला थांबल्यासारखी झाली. २००५ पासून ती पुन्हा मंचावर आली. त्या दास्तानींत तिलिस्म कितीही अजब असला तरी त्याला कायदा असतो. तो कसा तोडायचा हे सांगणारी लौह, म्हणजे पाटी, मिळवल्याशिवाय नायकाची सुटका नाही. हे सांगितल्यावर मुलगी स्वतःच म्हणाली, “मग माझी अंगठी सगळेच करते, हे चुकलेच. तिला भीतीच उरत नाही.” आता अंगठी प्रत्येक वेळी वापरली की मुलीच्या स्वतःच्या अंगावर निळा डाग उठतो.

बोधाची आमची काळजीही मिटली. मुक्या जनावरावर रहम आणि नदीची अमानत, दोन्ही कथेत आपसूक आले. आम्ही सांगून आले नसते.

वाचकांनो, तुमच्या घरी कुणी अशी वही पुढे केली, तर आधी फक्त ऐका. कान कुठे थांबले ते सांगा. नायकाला काय हवे आहे आणि ते मिळाले नाही तर काय गमवावे लागेल, हे विचारा. उत्तर मात्र मुलालाच शोधू द्या. शुद्धलेखन सर्वांत शेवटी.

नव्या पाच ओळी शाळेत गेल्या आहेत. बाई काय म्हणतात ते अजून कळायचे आहे. पण वही आता दप्तरात नसते, दादीच्या पलंगावर असते.