सरांची फ्लॉपी

झोप येत नसली की लोक रील्स बघतात, मी लिलाव बघते. जुन्या कॉम्प्युटर्सचे. त्यातही कोणीतरी प्रसिद्ध माणसाने वापरलेल्या.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात एक ॲपल-१ गेला, ९ लाख ४५ हजार डॉलर्सना. १९७६ साली तो ६६६.६६ डॉलर्सना मिळायचा, तोही नुसता सर्किट बोर्ड. कीबोर्ड, खोकं, टीव्ही ज्याचं त्याने बघायचं. हा बोर्ड स्टीव्ह जॉब्जच्या ऑफिसात होता, पुढे मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलनच्या संग्रहात आला. आपल्याकडे पादुका जपतात, त्यातलाच प्रकार. मला हसू येत नाही. पैसे असते तर मीही बोली लावली असती.

पण इंजिनियर असल्यामुळे माझा जीव खोक्यापेक्षा डिस्कमध्ये अडकतो. ‘स्टार ट्रेक’चा कर्ता जीन रॉडनबेरी १९९१ मध्ये गेला. त्याचे दोन कॉम्प्युटर खास बनवून घेतलेले. एक लिलावात विकला गेला, दुसरा बंद पडलेला. मागे उरल्या जवळपास २०० फ्लॉप्या, ज्या दुसऱ्या कुठल्याच मशीनला वाचता येईनात. डेटा परत मिळवणाऱ्या एका कंपनीने त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा कुठे त्या उघडल्या. म्हणजे पादुका एकीकडे, अभंग दुसरीकडे!

मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दीचे चार ॲपल कॉम्प्युटर अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आहेत. त्यातल्या एकावर कोक सांडलेला. तिथल्या लोकांनी त्याचा एक जुना मॅक सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उभा केला. अभ्यासकाला त्याच्या फायली त्याच्याच डेस्कटॉपवर, त्याने ठेवल्या तशा दिसतात. वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून बसले होते. याच्या बरोबर उलटं टेरी प्रॅचेटचं. अर्धवट राहिलेली पुस्तकं कोणी वाचू नयेत अशी त्याची इच्छा होती. म्हणून २५ ऑगस्ट २०१७ ला इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या जत्रेत त्याची हार्ड डिस्क जुन्या वाफेच्या रोडरोलरखाली घातली. ती तेवढ्याने पुरती मोडेना, मग खडी फोडायच्या यंत्रात टाकली.

मला तेव्हा प्रॅचेटचा राग आला होता. मग मामाकडची फ्लॉपी सापडली.

मामाचं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी सेंटर होतं. आपल्याकडे त्या काळच्या बहुतेक लेखकांकडे कॉम्प्युटर नव्हताच. ते फुलस्केप कागदावर लिहायचे आणि कोणीतरी मामा ते टाईप करायचा. त्यामुळे ‘प्रसिद्ध लेखकाचा कॉम्प्युटर’ मराठीत शोधायचा तर तो डीटीपीवाल्याकडे. म्हणजे भंगारात. मामाचा २००९ मध्ये किलोवर गेला. उरला फ्लॉप्यांचा एक डबा.

मी यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. निम्म्या फ्लॉप्या मेलेल्या. ज्या उघडल्या त्यात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की भाषा गेली. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी टाईप केलेली, ती उचलून मागे न्यावी लागते. दोन रविवार घालून मी पायथनमध्ये कन्व्हर्टर लिहिला. स्क्रीनवर पहिली ओळ आली, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका! प्रोडक्शनमध्ये एवढं काही टाकलंय, पण इतका आनंद कधी झाला नव्हता.

डब्याच्या तळाशी एक फ्लॉपी होती. मामाच्या अक्षरात लेबल: ‘सर – प्र. ७ – नको’.

सर म्हणजे कोण ते लिहीत नाही. नाव सांगितलं तर तुम्ही ओळखाल. त्या पुस्तकात सहाच प्रकरणं आहेत. माझ्या कॉलेजच्या बॅगेत ते चार वर्षं होतं.

“मामा, लावू का?”

“लेबल वाचलंस ना?”

“तू लिहिलंयस ते.”

“सांगितलं त्यांनी. समोर बसून. काढून टाका म्हणाले.”

“मग तू पुसलं का नाहीस?”

मामा गप्प. मग म्हणाला, “दोन रात्री जागून टाईप केलं होतं गं.”

मी त्याला एमरीचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या रश्दीने स्वतः दिले ना कॉम्प्युटर?”

दिले. स्वतः.

फ्लॉपी मामाने परत नेली नाही, माझ्याकडेच राहू दिली. तिच्याभोवती सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात. पुण्याच्या पावसाळ्यात त्यांचा किती उपयोग होतो देव जाणे. मी काहीच केलं नाही तरी काही वर्षांत ती आपोआप कोरी होईल, रोडरोलर न लावता. यूएसबी ड्राइव्ह टेबलावर आहे. कॉपी करायला दोन मिनिटंही लागणार नाहीत, न वाचता नुसती कॉपी. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं.

गेल्या रविवारी मामाने एक नंबर पाठवला. सरांच्या मुलीचा. “तूच बोल,” एवढंच लिहिलं होतं. मी तो ‘सर – मुलगी’ म्हणून सेव्ह केलाय. अजून लावलेला नाही.