रोज मरे त्याला

'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण रडून थकलेल्यांची बाजू घेते. जो रोज मरतो त्याला मरणाची सवय झाली असेल काय, हे ती विचारत नाही. वाहनांच्या गोंगाटाविषयी 'लोकांना सवय होते' असे म्हटले जाते तेव्हा हीच म्हण अधिक सभ्य भाषेत बोलत असावी, ही शंका छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटकडून गुलमंडीच्या बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर बळावते. दुचाकीचा आरसा हातगाडीवरच्या मालाला घासून जातो, हॉर्न विक्रेत्याच्या कानाशी वाजतो आणि तो मान वळवत नाही. हॉर्न देणारा मोटारीच्या बंद काचेआड असतो. मात्र झोपलेला माणूस जागा न होताही वाहनाच्या आवाजासरशी त्याच्या हृदयाचे ठोके वाढू शकतात, म्हणजे मनाला जडलेली सवय शरीराला जडतेच असे नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, तर व्यापारी क्षेत्राची 65 व 55 आहे. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप असे आहे की त्यात 10 ची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. मिश्र वस्तीला यांपैकी कोणत्याही एका वर्गात घालता येते. म्हणून खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी गुलमंडीसारखी वस्ती व्यापारी धरली गेली, तर माडीवरच्या भाडेकरूच्या रात्रीला सिडको वसाहतीतल्या निवासी घराच्या दिवसाइतका आवाज नियमानेच चालतो. परवडणारा तिकडे राहायला जातो. न परवडणाऱ्याच्या झोपेचे माप मात्र दुकानाच्या मापाने ठरते, आणि हे अन्यायाचे आहे.

तथापि गोंगाट कोणाचा, हेही सरळ नाही. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 साली दाखवले की भोवती आवाज असला की बोलणाऱ्याचा स्वर नकळत चढतो. त्या न्यायाने हातगाडीवाल्याची आरोळी हॉर्नने वाढवलेली असते, पण वरच्या खिडकीत ती त्याच्याच नावावर जमा होते. वाहने वळवावीत म्हटले, तर दुचाकीवरून न उतरता भाव विचारणारे गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर जाईल. तोच विक्रेता मागच्या गल्लीत राहत असेल, तर वाहने हवीत काय असे त्याला दुपारी विचारल्यास एक उत्तर मिळेल आणि मध्यरात्री दुसरे, आणि त्यांतले कोणते नियमात लिहावे हे काही केल्या ठरत नाही.